आम्ही इथे नाहीच असं समजा

दिवाळी अंकात कामाच्या आठवणी लिहायच्या तर माणूस आधी निवृत्त असावा लागतो, अशी माझी समजूत होती. डोक्यावरचे केस गेलेले, कपाटात सत्काराच्या शाली, आणि ‘त्या काळी’ने सुरू होणारी वाक्यं. मी एकोणतीस वर्षांची आहे. शाल एकही नाही. संपादकबाईंना फोनवर हे सांगितलं तर म्हणाल्या, "तू भांडतेस फार. भांडणाऱ्यांकडे आठवणी लवकर साठतात." म्हणून लिहिते आहे.

मला पत्रकं लिहायची सवय आहे, हे आधीच सांगून टाकते. पुण्यात कॉलेजात फ्रेंच शिकत असताना मी हॉस्टेलच्या पाण्यावर पत्रक काढलं, मेसच्या पोळ्यांवर काढलं, ग्रंथालय लवकर बंद होतं त्यावर तर मालिकाच काढली. वर ठळक मथळा, खाली मागण्या, शेवटी उद्गारचिन्ह. शिक्षण संपवून दुबईत अल मनखूलला आईबाबांकडे परत आले, तेव्हा विमानतळावर माझी बॅग हातात घेताना बाबांचं पहिलं वाक्य होतं, "इथे पत्रकं नाहीत हं." आणि धाकट्या भावाचं, "ताई, प्लीज. बी नॉर्मल."

नॉर्मल म्हणून मी जी नोकरी धरली ती अशी: फ्रान्समधून लघु माहितीपट करणारी माणसं इकडे येतात. दोघंतिघं, एक कॅमेरा, खूप पेट्या. त्यांना परवानग्या काढून देणं, गाडी ठरवणं, ज्यांच्यावर फिल्म करायची ती माणसं शोधणं, दोन्हीकडचं बोलणं इकडून तिकडे पोचवणं आणि शेवटी सबटायटलं लिहिणं हे माझं काम. धंद्यात मला ‘फिक्सर’ म्हणतात. आई शेजारणींना ‘फ्रेंच कंपनीत कोऑर्डिनेटर’ असं सांगते. कंपनी कुठेच नाही. मी आहे, माझा फोन आहे आणि उन्हात तापलेली गाडी आहे.

आता हे लोक एवढ्या लांब का येतात? वीस-बावीस मिनिटांच्या माहितीपटाला कोणी तिकीट काढून जात नाही. फ्रान्समध्येही नाही. पण तिथल्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत लघु माहितीपटाचा वेगळा पुरस्कार असतो. आधी एक समिती ढिगातून मोजक्या फिल्म निवडते, मग सिनेमाच्या धंद्यातली माणसं त्या बघून मत देतात. नुसत्या शेवटच्या यादीत नाव आलं तरी दिग्दर्शकाला पुढची फिल्म करायला कोणीतरी दार उघडतं. ते नाही झालं तर तो पुन्हा लग्नांचे व्हिडिओ काढायला जातो. म्हणजे तिकडच्या एका पोराचं किंवा पोरीचं नशीब इकडच्या कोणा माणसाच्या चेहऱ्यावर टांगलेलं असतं, आणि त्या माणसाला याचा पत्ताही नसतो!

मला राग यायचा तो इथेच. फिल्म पॅरिसला जाते, पुरस्काराला जाते, लोक उभं राहून टाळ्या वाजवतात. ज्याच्यावर फिल्म आहे तो मात्र ती कधी बघतच नाही. अबू धाबीकडच्या रुवैसला एका दिग्दर्शकाने रिफायनरीतल्या आपल्या नागपूरच्या इंजिनिअरला, देशमुखकाकांना, एकटं, उदास बसवायचं म्हणून चार वेळा शॉट घेतला. काका प्रत्येक वेळी हसायचे. मला म्हणाले, "अगं, मुलगी आत्ताच पास झाल्याचा फोन आलाय, तोंड कसं पाडू? तू सांग ना त्याला, पुढच्या आठवड्यात ये म्हणावं, माझी दाढ काढायची आहे तेव्हा." शेवटी पाठमोरा शॉट घेतला. ती फिल्म काकांनी अजून पाहिलेली नाही. पाठ मात्र फ्रान्सभर फिरून आली.

तेव्हा मी पत्रक काढलंच. एका पानाचं, फ्रेंचमध्ये, फक्त माझ्याकडे येणाऱ्या दिग्दर्शकांसाठी. पहिली मागणी ठळक: ‘पुरस्काराला पाठवण्याआधी फिल्म ज्याची आहे त्याला दाखवा!’ बाबांना कळल्यावर ते जेवताना नुसते आईकडे बघत राहिले. आई म्हणाली, "फ्रेंचमध्ये आहे ना? मग राहू दे."

ती मागणी मान्य करून आलेली पहिली दिग्दर्शिका म्हणजे लुसिल. पस्तिशीची, सडसडीत, कायम घाईत. कॅमेरा ती स्वतः चालवायची. बरोबर ध्वनिमुद्रण करणारा बातिस्त, म्हणजे एक भलामोठा, शांत माणूस. लांब काठीला माइक, कानांवर हेडफोन, आणि आवाज टिपणारं यंत्र तो बंद म्हणून करायचा नाही. लुसिलच्या आधीच्या तीन फिल्म कुठेच पोचल्या नव्हत्या. निर्मात्याने तिला सांगितलं होतं, यावेळी निदान यादीत तरी ये, नाहीतर आपलं जमणं कठीण. हे तिने मला पहिल्याच दिवशी गाडीत सांगितलं आणि खिडकीकडे तोंड केलं.

तिला खोर फक्कानच्या बंदरावर जहाजाचे दोर बांधणारा माणूस हवा होता. जहाज धक्क्याला लागलं की वरून मनगटाहून जाड दोर खाली सोडतात. तो ओढून धक्क्यावरच्या लोखंडी खुंट्याला अडकवायचा. केवढंही मोठं जहाज असो, तो अडकल्याशिवाय ते बंदरात आलं असं म्हणत नाहीत. हे काम आयुष्यभर केलेले दाऊदचाचा मला सापडले. रत्नागिरीकडच्या किनाऱ्यावरचे. काही महिन्यांत कायमचे घरी निघालेले. चाचा अजिबात साधेसुधे नव्हते. पहिल्या भेटीतच म्हणाले, "माज्यावर फिल्म? बरा केलास. उशीरच झाला तसा."

धक्क्यावरचं चित्रीकरण परवानगी होती तेवढं झालं. मग लुसिलला त्यांची खोली हवी होती. चाचा गावाकडच्याच तीन जणांबरोबर राहायचे. सगळ्यांचा स्वयंपाक चाचांकडे, कारण बाकीच्यांच्या हातचं त्यांना चालत नसे. आम्ही पोचलो त्या दुपारी बाकीचे ड्यूटीवर होते. खोलीभर ओल्या नारळाच्या वाटणाचा आणि सुरमईच्या कालवणाचा वास. जमिनीवर दस्तरखान, म्हणजे जेवणाची चादर, पसरलेला, मध्ये भला मोठा थाळा, त्यात भाताचा डोंगर. त्यांच्याकडे पाहुणा आला की एका थाळ्याभोवती बसून सगळे मिळून जेवतात. चाचांनी पहाटे मासळी आणली होती.

"या, बसा," चाचा म्हणाले.

लुसिलचा कॅमेरा तोवर स्टँडवर चढलाही होता. खिडकीतून उजेड बरोबर थाळ्यावर पडत होता. ती मला कुजबुजली, "त्यांना म्हणावं, जेवा. आमच्याकडे लक्ष देऊ नका."

या धंद्यात एक वाक्य आहे. जगातला प्रत्येक माहितीपटवाला ते म्हणतो, मीही शेकडो वेळा म्हटलंय. चित्रीकरण करणाऱ्याने समोरच्याच्या आयुष्यात ढवळाढवळ करायची नाही, असा दंडक आहे ना, त्यातून आलेलं. मी म्हटलं, "चाचा, तुम्ही जेवा. आम्ही इथे नाहीच असं समजा."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं, लुसिलकडे, बातिस्तकडे. मग बसले आणि जेवले. एकटे. त्या एवढ्या थाळ्यातून. चार घास घ्यायचे, मान वर करायची, बघायचं, पुन्हा घास. लुसिलचा डोळा कॅमेऱ्यावरून हलत नव्हता. मग उजेड सरकला, तिला किनाऱ्यावरचा शॉट हवा होता, आम्ही पेट्या उचलून पळालो. गाडीत तिघांनी बिस्किटं खाल्ली.

पुढे लुसिलने पॅरिसमध्ये फिल्म जुळवली. तो जेवणाचा शॉट तिने शेवटी टाकला. मग तिचा फोन आला. ज्यांनी ज्यांनी कच्ची फिल्म पाहिली ते त्या शॉटला रडले होते. हा माणूस मान वर करून कुठे बघतो? दूर, समुद्रापलीकडे, आपल्या घराकडे! परदेशातलं सगळं एकटेपण त्या नजरेत आहे! निर्माता म्हणाला होता, याच शॉटवर यादीत येऊ.

मी म्हटलं, "छान. आता चाचांना दाखव. कबूल केलंयस."

निर्मात्याला हे पसंत नव्हतं. फिल्म पाठवायची मुदत जवळ आली होती आणि चाचांची सही असलेली संमती त्याच्या फायलीत होती. पण लुसिल दिल्या शब्दाला जागली. बातिस्तला आणि एक छोटा प्रोजेक्टर घेऊन आली. शुक्रवारी नमाज झाल्यावर आम्ही खोर फक्कानला पोचलो. चाचांची निघायची तयारी झाली होती. कोपऱ्यात दोरीने आवळलेले खोके होते. खोलीतले तिघेही घरी होते. चाचांनी पडदे ओढले, भिंतीवर चादर लावली, शेगडीवरचं पातेलं झाकलं आणि म्हणाले, "यल्ला, चल, लाव."

दोर आला, जहाज आलं. "ह्यो बघ मी!" चाचा ओरडले. "ह्यो परत मी!" खोलीतला इस्माईल म्हणाला, "चाचा, पोट आत घ्यायचा होता." "गप. ते कॅमेऱ्याचा दोष हाय." सगळे मजेत. लुसिल फिल्मकडे बघतच नव्हती, चाचांकडे बघत होती.

मग शेवटचा शॉट. खिडकीचा उजेड, थाळा, एकटे चाचा. घास. मान वर. घास. मान वर. काळोख.

लुसिल अश्रूंची वाट बघत होती. चाचा उठले आणि त्यांनी खिडकीचा पडदा सर्रकन उघडला.

"खलास. ही फिल्म कुठं जायची नाय."

माझ्या अंगात एकदम वीज सळसळली. हाच तो क्षण! यासाठीच तर पत्रक! मी लुसिलकडे वळले आणि फ्रेंचमध्ये सुरू झाले: माणसाच्या एकटेपणाचा बाजार, कष्टकऱ्याच्या चेहऱ्यावरचा हक्क, युरोपची सवयच ही, आणि मागणी क्रमांक एक, दोन, तीन. लुसिल पांढरी पडली. बातिस्तने हेडफोन काढून गळ्यात घेतले.

चाचांनी माझ्या खांद्यावर थापटलं. "काय गो बोलतेस तिला येवढा?"

"तुमच्या हक्काचं बोलते आहे, चाचा."

"कसला हक्क? मी काय हक्क मागितला? पोरी, तू बस आधी." आणि मग त्यांचाच आवाज चढला. "माज्या खोलीत तिघं पाहुणे उपाशी उभे, आणि मी रेड्यासारखा एकटा जेवतंय! हा दाखवणार तुम्ही दुनियेला? गावात बघतील ना, तर म्हणतील, दाऊद दुबईला जाऊन ह्योच शिकला? पाहुण्याला भिंतीशी उभा करून खायला?"

मी म्हटलं, "पण चाचा, बघणाऱ्यांना आम्ही कुठे दिसतो? फिल्ममध्ये तुम्ही एकटेच आहात."

"तुमी दिसत नाय. पण मला दिसताव ना!" त्यांनी स्वतःच्या डोळ्यांवर बोट ठेवलं. "बघ परत. मी सारखा कुठं बघतंय? ही बाई उभी, तो पैलवान काठी धरून उभा, तू उभी. लाजेनं घास उतरत नव्हता माजा."

आयुष्यात पहिल्यांदा मला मागण्या सुचेनात. मी लुसिलला सगळं सांगितलं, जसंच्या तसं, एक शब्दही माझा न घालता. ती ऐकता ऐकता खाली बसली. समुद्रापलीकडे बघणारी नजर! ती आमच्याकडे बघत होती. तिघांच्या रिकाम्या पोटांकडे.

"पण तो शॉट गेला तर फिल्म गेली," लुसिल शेवटी म्हणाली. "फिल्म गेली तर मीही गेले. त्यांना हे सांग."

सांगितलं. चाचांना ते पटलं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. कामात उभी हयात काढलेला माणूस होता. दुसऱ्याचं काम बुडवणं त्यांनाही नको होतं. पण मान हलली ती आडवीच. "तिचा नुकसान नको. पण माजी इज्जत पण जायची नाय."

एवढ्यात निर्मात्याचा फोन आला. लुसिलने तो स्पीकरवर टाकला. तो म्हणाला, सही आहे, पाठवून दे. लुसिल गप्प राहिली. मी गप्प राहिले नाही. काय बोलले ते दिवाळी अंकात छापता यायचं नाही. शेवटी लुसिलने फोन बंद केला आणि म्हणाली, "सही आहे हे खरं. पण त्यांची हरकत असताना मी नाही पाठवणार."

चाचांना फ्रेंच येत नव्हतं, पण फोन कसा बंद केला ते त्यांनी पाहिलं होतं. ते उठले आणि पातेल्यावरचं झाकण काढलं.

"भांडण ऱ्हाऊ दे. आधी जेवा."

थाळा आला. यावेळी कोणाला उभं राहायची परवानगी नव्हती. इस्माईलने लुसिलला मांडी घालायला शिकवलं. ती चमच्यासाठी इकडेतिकडे बघायला लागली, तर चाचा म्हणाले, "पाच चमचे दिलेत अल्लानं, ते वापर म्हणावं." बातिस्त एका घासात सुरमईची अख्खी तुकडी खाऊन, काटा नाजूकपणे ओठांतून बाहेर काढून, पुन्हा थाळ्याकडे वळला. "ह्यो आमच्यातला हाय!" चाचा खूश. त्याच्यापुढचा भात संपला की गुपचूप आपल्यापुढचा तिकडे सरकवत होते. माझ्याकडे सरकवला तेव्हा म्हणाले, "खा. वरडून वरडून दमलीस." कोणीतरी लुसिलच्या नाकावरून हसलं, कारण तिखटाने ते लाल झालं होतं. सगळ्यांत मोठ्याने तीच हसली.

आणि बातिस्तचं यंत्र भिंतीशी पडून चालूच होतं. तो ते कधी बंद करायचाच नाही.

हात धुतल्यावर लुसिलने मला विचारलं, "त्या दिवशी, मी शॉट जिथे कापला त्यानंतर ते काही बोलत होते का? मला भाषा कळत नव्हती. उजेड गेला होता म्हणून कापला."

मला आठवेना. तिने लॅपटॉप उघडून त्या दिवसाचं मूळ चित्रीकरण लावलं. घास. मान वर. इथे फिल्म संपत होती. मुळात पुढे अजून होतं: चाचा थाळा दोन्ही हातांनी धरतात, कॅमेऱ्याच्या दिशेने ढकलतात आणि थेट आमच्या डोळ्यांत बघत म्हणतात, "या. या ना जेवायला. असा काय करताव?" मग माझा आवाज, चौकटीबाहेरून, घाईचा: "नको चाचा, उशीर होतोय." मग काहीच नाही.

लुसिलने ते तीनदा लावलं. मग बातिस्तकडे पाहिलं. तो आधीच आपल्या यंत्राला हेडफोन जोडत होता.

नवी फिल्म अशी झाली. तोच शॉट, तोच उजेड, तीच नजर; बघणाऱ्याला वाटतं आता एकटेपणावर संपणार. पण कापत नाही. चाचा थाळा पुढे ढकलतात. "या ना जेवायला." पडदा काळा होतो, नावं वर सरकायला लागतात आणि त्यांच्याखाली आवाज सुरू होतो: पाणी ओतल्याचा, हसण्याचा, इस्माईलचा, लुसिलच्या ठसक्याचा, आणि चाचांचा, "पाच चमचे दिलेत अल्लानं." नावं संपली तरी जेवण चालूच राहतं. माझा नकारही तसाच ठेवलाय. लुसिलने विचारलं होतं, काढू का. मी म्हटलं, राहू दे.

चाचांनी ती फोनवर पाहिली. शेवटपर्यंत, आवाजासकट. मग म्हणाले, "आता जाऊ दे पॅरिसला. इन्शाल्ला जिंकेल."

जिंकली नाही. शेवटच्या यादीत मात्र आली, आणि त्यावर लुसिलला पुढच्या फिल्मसाठी दुसरा निर्माता मिळाला, पहिल्यापेक्षा बरा. मतदारांसाठी ठेवलेल्या खेळाला ती हजर होती. म्हणाली, "शेवटी लोक हसले आणि कोणी उठेना. नावं संपेपर्यंत सगळे बसून जेवणाचे आवाज ऐकत होते." पुरस्कार दुसऱ्याच कोणाला गेला. चांगली फिल्म होती ती, मी पाहिली. दुसऱ्या दिवशी मी चाचांना गावी फोन करून निकाल कळवला. त्यांनी हरल्याबद्दल काही विचारलं नाही.

"समारंभात जेवणखाण होता?"

मी लुसिलला विचारून सांगितलं: होतं, पण उभ्यानेच, अगदी छोटे छोटे तुकडे, ट्रेमधून फिरवत होते.

"उभ्यानं?" चाचा चुकचुकले. "मग काय ता राष्ट्रीय बक्षीस! बरा झाला नाय मिळाला."

माझं पत्रक आता बदललंय. पहिली मागणी अशी आहे: ‘कोणी जेवायला बोलावलं, तर कॅमेरा खाली ठेवा आणि आधी जेवा!’ फिल्म दाखवण्याची मागणी दुसऱ्या क्रमांकावर गेली. दिग्दर्शक लोक कुरकुरतात. उजेड जातो, वेळ जातो, माणूस सहज राहत नाही, वगैरे. मी म्हणते, उजेड उद्या पुन्हा येतो. कुरकुर करणारा पहिला घास घेतला की गप्प होतो, असा माझा अनुभव आहे. आणि ते जुनं वाक्य मी आता कोणाला म्हणत नाही. आम्ही तिथे असतो. ढळढळीत असतो, पेट्यांसकट.

मागच्या महिन्यात चाचांचा व्हिडिओ कॉल आला. मागे अंगणात ही गडबड, पोरं, बायका, खुर्च्या, भांड्यांचा खणखणाट. चाची मागून काहीतरी तावातावाने सांगत होत्या. चाचांनी कपाळाला हात लावला होता, पण चेहरा मात्र फुललेला होता.

"काय झालं, चाचा?"

"तुजी फिल्म लावली गो भिंतीवर. आख्खा मोहल्ला बोलावला बघायला."

"मग? आवडली?"

"आवडली काय विचारतेस! शेवटाला मी म्हटला ना, ‘या ना जेवायला’? तर खालनं सगळे वरडले, ‘आलो, आलो!’ आणि उठले ना सगळे! जातायत कुठं? चाची तुजी मघापासनं भात घालतेय, मला शिव्या घालतेय."

मागून चाचींचा आवाज आला, "विचार तिला, परत बनवणार हायत काय फिल्म!"

"बनवणार, बनवणार," चाचा त्यांच्याकडे न बघता म्हणाले, आणि फोन तोंडाजवळ धरून मला हळूच सांगितलं, "पण पुढच्या टायमाला मी नुसता चाय प्यायला बोलवतंय."